घोंगडं कोण धरायचं

॥ बिरोबा प्रसन्न ॥

शिबिर, उजनी जलाशय
१६ मार्च २०२५

ती. आत्यास,
प्रियंकाचा सा. न. वि. वि.

शिबिरात मोबाईल काढून घेतलेत, म्हणून कागद. इथं इतकं पाणी आहे की बघून तू आधी घागर शोधशील. ह्यातला एक कोपरा सांगोल्याला आला तरी टँकरवाले घरी बसतील.

आमची कॅटमरान म्हणजे दोन सडपातळ होड्या दांड्यांनी जोडलेल्या, मधे जाळी, वर शीड. सोलापूरच्या सात रस्त्यावरची शिवलीला सुकाणू धरते. वारा वाढला की होडीची एक बाजू उचलते. तेव्हा मी कमरेच्या पट्ट्याला डोलकाठीची तार अडकवून होडीच्या काठावर उभं राहायचं, अंग पाण्यावर झोकून. माझ्या वजनानं होडी सरळ होते. सोपं आहे की.

काल सरावात वाऱ्याचा झोत आला आणि मी चटकन खाली बसले, डोळे मिटून. माळावर वावटळ आली की तू तेच करायला लावायचीस. होडी पालथी, शिवलीलाचा चष्मा तळाला. ती दहा मिनिटं कन्नडमधून बोलली. जेवढं कळलं तेवढं तुला लिहिता येत नाही.

सर म्हणाले, रविवारच्या शर्यतीत परत बसलीस तर काठावर दोर गुंडाळायला ठेवीन. बारा होड्या आहेत, पहिल्या तीन गोव्याला जाणार. मला ही होडी सोडायची नाही, आत्या. पण अंगच ऐकत नाही, आपोआप बसतं.

शेळी व्याली का ते कळव. माझ्यावर रागव, पण माया पातळ करू नकोस.

तुझी
प्रियंका

सांगोला
१९ मार्च

चि. प्रियंकास,
अंबुआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुजं पत्र पोचलं. पोष्टावर माजा भरवसा न्हाय, म्हणून हे डाळिंबाच्या टेम्पोवाल्या प्रभुजवळ देते. चार डाळिंबं शिवलीलाला दे, चष्म्यापायी. शेळी व्याली, दोन करडं हायेत. एक तुज्यासारखं, उभंच ऱ्हाईना.

वाचून आदी लई हसले, मग वाईट वाटलं. चूक माजी हाय. मी तुला अर्धंच शिकवलं. तू पाच वर्साची काडी, उडून गेली असतीस म्हणून खाली बसवायची. पर तुज्यावर घोंगडं कोण धरायचं? मी की. वाऱ्याकडं पाठ करून, पाय रोवून उभी ऱ्हायची आन मेंढरं मोजायची. तुजं डोळं मिटल्यालं, तुला कसं दिसावं?

बसणं पोरीचं काम व्हतं, उभं ऱ्हाणं माजं. आता तू चोवीस वर्साची झालीस. भ्या वाटलं तर काय तरी मोजत ऱ्हा. मोजताना डोळं मिटता येत न्हाईत.

पान्यात जपून. आत्याला इसरू नगं, एवढंच मागणं.

तुजी
आत्या

उजनी
२४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

डाळिंबं पोचली. शिवलीलानं चारही एकटीनं खाल्ली आणि नवा चष्मा दोरीनं डोक्याला बांधला. माझ्यावर तिचा भरवसा किती, ते कळलं.

शर्यतीत शेवटच्या वळणाला वारा आला, काठावरच्या शेतातली धूळ घेऊन. अगदी आपल्या माळावरच्यासारखा. माझे गुडघे वाकले, खोटं कशाला सांगू. होडी उचलली. शिवलीला जाळीवर मुटकुळं करून सुकाणू धरून बसली होती, तोंड पांढरंफटक. तिला बघितलं आणि कळलं, आज पाच वर्षांची ती आहे. तिला म्हटलं, तू सुकाणू सोडू नकोस, वाऱ्याचं मी बघते. तार ताणली, पाय रोवले आणि उभी राहिले. गंमत बघ आत्या, तिथं उभं राहिलं की वारा पाठीलाच लागतो. तू एवढी वर्षं कशी उभी राहत होतीस गं?

भीती गेली नाही, म्हणून मोजायला घेतलं. मेंढरं नव्हती, मागच्या होड्या होत्या. दोनदा मोजल्या. नऊ भरल्या.

लोभ तुझा आहेच. गोव्याला जाताना घोंगडं मात्र मागायला येईन.

तुझी, उभी असलेली
प्रियंका