साडूभाऊ, औलीला बर्फ पडलाय

देवपूर, धुळे

आदरणीय साडूभाऊ जीवरामभाऊ यांना देवपूरहून अभिमनचा वाकून नमस्कार. यशोदाअक्कांचे गुडघे या थंडीत कसे आहेत? (लसणाचं तेल लावत असतील तर ते कोमट हवं, गरम नव्हे, हा फरक लोक करत नाहीत.) केळीला थंडी बाधली नसेल अशी आशा आहे. इकडे मी ठीक. एकट्या माणसाला ठीक असावंच लागतं, कारण बरं नाही म्हटलं तरी चहा त्यालाच करायचा असतो.

पत्राचं कारण असं, की मी औलीला जाऊन स्कीइंग करायचं ठरवलं आहे. औली हे उत्तराखंडातलं डोंगरावरचं गाव, आणि स्कीइंग म्हणजे पायांना दोन लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत खाली येणं. चोपन्नाव्या वर्षी हे कशाला, असं आमची लेक मृणालीही पुण्याहून फोनवर म्हणाली. पण फ्रिज दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं, तेही कोणाच्या हाताखाली न शिकता. अख्ख्या देवपुरातल्या फ्रिजमधला बर्फ मी खरवडला आणि आभाळातून पडलेला एकदाही पाहिला नाही. ही माझ्या शिक्षणातली त्रुटी आहे, ती भरून काढायची.

शास्त्र मी मोबाइलवर बघून पाठ केलं. गुडघे वाकलेले, वजन पुढे, आणि थांबायचं तर पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणायची. (मागची नव्हे. मागची आणली की माणूस बसतो.) राहिला सराव. धुळ्यात पांढरा उतार कुठे मिळणार? तर कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये, जिथल्या वॉटर कूलरचं काम माझ्याकडे असतं. सध्या तिथे कपाशीचा ढीग दुमजली घराएवढा आहे. मुकादम हिलाल जेवायला गेलेला पाहून मी वर चढलो. पट्ट्या घरच्याच, जुन्या पलंगाच्या. गुडघे वाकवले, वजन पुढे घेतलं आणि पुढे न जाता सरळ खाली गेलो, छातीपर्यंत. कपाशी घसरू देत नाही जीवरामभाऊ, ती पोटात घेते. हे कोणत्याही व्हिडिओत सांगितलेलं नाही.

हिलाल डबा टाकून आला आणि म्हणतो कसा, "काय मिस्तरी, बठ्ठी कपाशी आजच पिंजी टाकतस का?" (बठ्ठी म्हणजे सगळी.) चौघांनी दोर लावून मला बाहेर काढलं. पट्ट्या अजून आतच आहेत. (कापसाच्या गठाणीत निघाल्या तर पोचवीन, असं हिलाल म्हणाला.) तिथे कामाला असलेली पार्वताबाई नावाची म्हातारी माझ्या स्वेटरवरचा कापूस वेचत होती. वेचता वेचता तिनं विचारलं, "घरमा कोनी नही का तुम्हले इचारनारं?" मी म्हटलं, आहेत ना, फैजपूरला साडू आहेत. तोंडातून तेच निघालं.

मग जळगावला सहलवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, तिथे उणे पाचपर्यंत थंडी असते. मी त्याला सांगितलं, आइस्क्रीमचा फ्रीजर उणे अठराला चालतो आणि माझा अर्धा दिवस त्यात डोकं घालून जातो. तो म्हणाला, "काका, तुम्हाला सगळंच माहीत आहे. मग मिसेस येतील ना? खोली दोघांचीच आहे." मी म्हटलं, साडू येतील. म्हणजे न विचारता तुमचं नाव मी दोनदा घेतलं.

तेव्हापासून मी याचा नीट विचार करतो आहे. बायको गेल्यावरही सासरा सासराच राहतो, मेहुणा मेहुणाच राहतो. साडूचं मात्र कोणी स्पष्ट सांगत नाही. आपलं नातं दोघी बहिणींनी जोडलेलं, आणि त्यातली एक जाऊन दोन वर्षं झाली. एवढ्यात आपण एकदाच भेटलो, नशिराबादच्या लग्नात. तुम्ही विचारलंत, "धुळ्याला पाऊस कसा?" मी मिलिमीटरमध्ये सांगितलं. मग आपण दोघं वेगवेगळ्या पंगतीत जेवलो.

तर येता का, एवढं कळवा. स्वेटर माझ्याकडे दोन आहेत.

आपला (अजून असेन तर) साडू,
अभिमन

ता. क. स्कीइंग तुम्ही केलंच पाहिजे असं नाही. मी पडलो की खाली उभं राहून हसायला घरचं माणूस हवं. परके हसले की लागतं.

आणखी ता. क. बुकिंग अजून केलेलं नाही. खरं सांगायचं तर मला थंडी सोसत नाही.

शेवटचं. यंदा मळ्यात भरीत झालं का? कळण्याच्या पुऱ्या अक्काच करतात का अजून? पूर्वी तुमचं भरिताचं बोलावणं तुमच्या मेहुणीच्या फोनवर यायचं. तो फोन मी रोज चार्जिंगला लावतो, पण कंपनीनं नंबरच बंद केला आहे. आणि माझा नंबर तुमच्याकडे कधी नव्हताच, हे परवा माझ्या लक्षात आलं. तो पाकिटावर, पत्त्याच्या खाली, मोठ्या आकड्यांत लिहिला आहे.