आपली सोय असल्यास

बुधवार, संध्याकाळ. लालबाग.

खाली चौकात संयुक्त महाराष्ट्राची सभा रंगली आहे. मी गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाऊ?

सोमवारी शेजारचे गोविंदकाका कोरा कागद घेऊन आले. गिरणीच्या साहेबाला इंग्रजीत रजेचा अर्ज हवा होता. गावाहून आलेली तार दाखवून म्हणाले, "आवशीक बरा नाय, आठ दिवस गावाक सोडा. इतक्याच लिवा."

इतकंच लिहायचं होतं. पण मला रात्रशाळेतलं इंग्रजी मिरवायची हौस! 'आपणांस तसदी देण्याचे धाडस करतो', 'आपली सोय असल्यास परवानगी मिळावी', असं पानभर नटवलं. आईचं आजारपण शेवटच्या ओळीत. तारेचं तर लिहिलंच नाही. साहेबाला घाई केल्यासारखं दिसेल म्हणे!

आज अर्ज परत आला. कोपऱ्यात लाल पेन्सिलीने साहेबाचा शेरा: सध्या सोय नाही.

काकांना इंग्रजी येत नाही, मीच वाचून दाखवला. "माझा काय चुकला?" त्यांनी विचारलं. आणि मी काय म्हणालो? "तुमचं काही नाही हो, साहेबच खडूस."

साहेबाला सोय विचारली कोणी? मीच ना? मग तेव्हा का नाही बोललो?

काकांनी तो कागद नीट घडी करून तारेबरोबर टोपीत ठेवला. म्हणाले, "उद्या परत लिवन देवा. असोच बरो, पानभर."