चुलवाणाजवळचे सहा खांब

आबा, तुमचा रंग फसला नव्हता. तो मी धुऊन टाकला होता. एवढी दोन वाक्यं लिहायला मला पन्नासच्या वर वर्षं लागली, आणि लिहिली तीही तुम्ही वाचायला नसताना. मी पहिल्यापासून अशीच, वरात गेल्यावर घोडं आणणारी.

लढाई संपली आणि तुम्ही कराडजवळच्या आपल्या गावी परत आलात. लष्कराच्या डेपोत लाकडी बराकींना लावायचा एक रंग कालवायला तुम्ही शिकला होतात. पिठाची खळ, सरस आणि पुण्याहून पार्सलानं मागवलेली कसलीशी पांढरी भुकटी. आई म्हणायची, "बाकीच्यांचं दादलं लढाईवरनं सोनं घिऊन आलं, आमचं खळ घिऊन आलं." चावडीपुढे तुम्ही अर्धी रंगवलेली फळी जाळावर धरलीत. कोरा भाग भडकला. रंगवलेला भाग भाकरी फुगावी तसा फुगत गेला, काळा, बोटभर जाड. तुम्ही तो फेस खरवडलात तर आत लाकूड जसंच्या तसं. शेजारचे तात्या म्हणाले, "लय भारी हाय गड्या. आपल्या गुऱ्हाळाला लाव की." चार घरांचं सामाईक गुऱ्हाळ ते. रस उकळायच्या चुलवाणाजवळचे, पत्रा तोलणारे सहा खांब तुम्ही रंगवलेत आणि सगळ्यांना सांगितलंत, "आग लागलीच, तर मानसं भाईर पडूस्तवर ह्ये खांब उभं ऱ्हात्याल. माझा सबूद हाय."

हे सारं मी आईच्या तोंडून ऐकलेलं. मला सांगलीला दिलेली, लग्नाला वर्ष झालेलं, दिवाळीला आले ती चुलवाणाच्या पूजेपर्यंत राहिले. पूजा माहेरवाशिणीनं मांडायची, ही आपल्याकडची रीत. तुम्ही कराडला रसाची काहील आणायला गेला होतात. मी गुऱ्हाळात शिरते आणि खांब बघते: राखाडी, ओघळलेले, पिठाच्या वासानं मुंग्यांची रांग लागलेली. अशा खांबांना हळदकुंकू कसं लावायचं? तेल मुरतं तसं औषध लाकडात केव्हाच मुरलं असणार, वर राहिलाय तो नुसता मळ, असं मी धरून चालले. गरम पाण्याच्या चार कळशा आणि काथ्याचा बोळा घेऊन सहाही खांब घासले. पांढरट पाणी पायाशी वाहत होतं आणि मला भारी समाधान वाटत होतं. वाळल्यावर वरून गेरू दिला. दिवस मावळताना तुम्ही आलात, खांबावरून हात फिरवलात आणि म्हणालात, "गेरू झ्याक बसलाय गं." तुमचा रंग गेरूच्या खाली असेल, असंच तुम्हाला वाटलं.

चौथ्या दिवशी भर दुपारी चिपाडांच्या ढिगानं पेट घेतला. तुम्ही कुणालाच घाई केली नाहीत. "दमानं निघा," म्हणालात, "खांब धरत्यात." खांबांनी धरलं नाही. पत्रे काहिलीवर कोसळले आणि उकळता रस तात्यांच्या उजव्या हातावर उडाला.

संध्याकाळी तात्या आपल्या ओट्यावर बसलेत, हात कोपरापर्यंत फडक्यात गुंडाळलेला. तुम्ही माझ्याकडे वळून विचारता, "पोरी, खांबास्नी पानी लागलं न्हवतं न्हवं?" तेव्हा कुठे मला कळतं मी काय केलंय ते. आणि माझ्या कानात सासूबाईंचा आवाज येतो, माहेरी गेली आन् गुऱ्हाळ जाळून आली. मी म्हणते, "न्हाई आबा. कोरड्यावरच गेरू दिला." तुम्ही मान हलवता. मग तात्यांना म्हणता, "माझंच माप चुकलं." तात्या म्हणाले, "असूं दे रं." त्यांनी तुम्हाला कधी बोल लावला नाही, पण पुढे जन्मभर डाव्या हातानं जेवले.

धुतलं ते अजाणता, त्याची लाज मला वाटत नाही. खोटं बोलले ते मात्र पुरतं जाणून. त्यानंतर तुम्ही चावडीवरून जाणं सोडलंत, लांबच्या ओढ्याच्या वाटेनं जायचात. सांगलीच्या एका नाटकवाल्यानं मांडवाच्या बल्ल्यांना रंग लावून मागितला होता, त्याला नाही कळवलंत. सात वर्षांनी तुम्ही अंथरुणाला खिळलात, मी उशाशी होते. तुम्ही छताकडे बघत म्हणालात, "खळ जरा दाट घ्याय पायजे हुती." मरणाच्या दारातही तुम्ही ते माप शोधत होतात. मी म्हणाले, "व्हय, आबा." माझ्यासारखी करंटी मीच.

माझा मुलगा आता कारखान्यात इंजिनीअर आहे. गेल्या महिन्यात सांगत होता, लोखंडी तुळयांना लावायचा एक रंग आलाय, आग लागली की फुगतो आणि तुळईला धग लागू देत नाही. म्हणाला, "आजोबांनी हे तेव्हाच केलं होतं की. मग त्यांचा का फसला?" घरात आम्ही दोघंच होतो. तुम्ही नाही, सासूबाई नाहीत, तात्या नाहीत, भ्यायला कुणीच उरलेलं नाही. मी म्हणाले, "खळ पातळ झाली असेल."

हा कागद त्याच्या हातात द्यावा म्हणूनच लिहायला बसले होते. नाही देणार, आबा.