सात नंबरचं लाल कार्ड

प्रिय दादा,

फोनऐवजी पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे ठणठणीत आहेत. बातमी अशी की मंगळवारी सकाळी माझी नोकरी गेली आणि संध्याकाळी परत आली, तीसुद्धा बढती घेऊन. फोनवर तू ‘बरं झालं’ म्हणून ठेवून दिला असतास. आपल्या फोनचं हल्ली तसंच झालंय. म्हणून म्हटलं, लिहावंच.

तू गेल्यापासून दोन वर्षांत यार्डात फारसं बदललेलं नाही. माणसांना पाळण्यात घालून उंचावर नेणारी मशिनं नऊच, मालक तसाच तापट, मुकादम तसाच सही आधी करून मशीन नंतर बघणारा. बदललंय ते माझं बॅटरीचं शेड. पूर्वी सगळे चार्जिंगला लावायच्या आधीच काठोकाठ पाणी भरून मोकळे व्हायचे. मग रात्रीतून ॲसिड उतू जायचं, टर्मिनलवर बुरशी चढायची आणि मशीन दुपारीच मान टाकायचं. आता प्लेटा उघड्या पडल्या असतील तर बुडतील एवढंच पाणी आधी, बाकीचं चार्ज पुरा झाल्यावर, आणि नळाचं तर अजिबात नाही. मुकादम विचारायचा, बॅटऱ्या आहेत की बाळंतिणी? हसू दे मेल्याला. माझी मशिनं दिवस मावळेपर्यंत उभी असतात.

मंगळवारी एका काचेच्या इमारतीवर पाच मशिनं जायची होती. सात नंबरच्या मशीनची बॅटरी चार्ज झाली, म्हणून जोर बघायला मी पाळण्यात चढले. पेडल पायाने दाबून धरलं तरच पाळणा हलवणारा दांडा चालतो, पाय काढला की सगळं जागच्या जागी थांबतं, हे तूच शिकवलंस मला. तर माझे पाय पेडलपासून हातभर लांब होते. बुटाची नाडी बांधायला वाकले, कोपर दांड्याला लागलं आणि पाळणा मला घेऊन सुसाट वर! लाल बटणावर हात मारला तेव्हा डोकं आणि छताची तुळई यांच्यात वीतभर अंतर होतं. तिथेच मटकन बसले. बघते तर पेडलमध्ये लाकडाचा तुकडा ठोकून बसवलेला. दिवसभर दाबून पाय दुखतो ना मशीन चालवणाऱ्या साहेबांचा!

खाली उतरले, किल्ली काढून खिशात घातली आणि मशीनला ‘वापरू नका’चं लाल कार्ड बांधलं. ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं, हा आपल्या यार्डाचा एकमेव नियम जो मुकादमालाही पाठ आहे. तो आधी गोड बोलला, मग बॅटरीवालीने बॅटरीपुरतं बघावं म्हणाला, मग मालकाला घेऊन आला. मालक म्हणाला, कार्ड सोड, नाहीतर गेट तिकडे आहे. दादा, तुला ऐकवलेलं तेच वाक्य, शब्दाला शब्द. पण मी कार्ड सोडलं नाही. उद्यापासून येऊ नकोस म्हणाला, आणि चारच मशिनं घेऊन तणतणत निघून गेला.

पुढचं आपल्या ट्रकच्या ड्रायव्हरने सांगितलं. साइटवर तपासणीला एक बाई होत्या. त्यांनी एकेक पेडल दाबून सोडलं, एकेक लाल बटण दाबलं, चाकाखाली फळी घालून मशीन कललं की भोंगा वाजतो का ते ऐकलं, बॅटऱ्यांची झाकणं उघडून पाणी बघितलं. दुसऱ्या कंपनीची पाचपैकी तीन गेटवरूनच परत! आपली चारही एका फटक्यात पास. पाचवं कुठे विचारल्यावर मालक त-त-प-प करायला लागला, तेव्हा ड्रायव्हरच बोलून गेला की आमच्या बॅटरीवाल्या बाईंनी अडवलं. त्या बाई म्हणाल्या, मग उरलेली मशिनंही तुमच्याकडूनच पाठवा, पण त्या बॅटरीवाल्या बाईंनी बघितल्यावर. उरलेलं अख्खं काम आपल्याला! संध्याकाळी मालक स्वतः शेडमध्ये आला. आता माझ्या सहीशिवाय यार्डातून एक चाक बाहेर पडत नाही. मुकादम मला ‘ताई’ म्हणतो. मी नाचायचीच बाकी होते रे!

पण त्या तुळईखाली बसले होते तेव्हा मला तूच दिसत होतास. तूही असंच मशीन अडवलं होतंस, आणि तुला काढल्यावर मुकादमाने उठवलं की हा उंचीला घाबरतो. मी बहीण असून ते खरं मानलं. तू भरल्या ताटावर बसला होतास आणि मी वहिनीसमोर, पोरांसमोर तुला भित्री भागूबाई म्हटलं. तू न जेवता उठलास आणि महिनाभरात गाव सोडून त्या गोदामाच्या नोकरीवर गेलास. हे पत्र त्यासाठी आहे. मालकापुढे मी एकच अट घातली, आणि त्याचं सहीचं पत्र सोबत जोडलंय: नव्या माणसांना मशीन शिकवायला तुला सन्मानाने परत बोलावलंय. यायचं की नाही ते तू ठरव. पण माझी माफी ऐकल्याशिवाय ठरवू नकोस. चुकले मी, दादा. काल मुकादमासमोर, सगळ्या यार्डासमोर हे मोठ्याने सांगून आले. वहिनीला आणि पोरांना तू हे पत्र मोठ्याने वाचून दाखव.

तुझीच,
उशिरा अक्कल आलेली धाकटी