पूर्ण बंद

३ मार्च, सकाळी.
भट्टीखात्यातल्या बंधूंनो, आपल्या शब्दाचा अपमान झाला आहे. (ऐकायला कोणी नाही. सवय.) नवा नियम: हीटरच्या पॅनेलमध्ये हात घालण्याआधी ज्याने त्याने मेन स्विच पाडायचा, त्याला स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली खिशात. म्हणजे मी फोरमन ‘बंद आहे’ म्हणतो, ते काय वाऱ्यावरचं? कुलूप घेतलं नाही.

४ मार्च.
साडू आमच्याच खात्यात इलेक्ट्रिशियन. त्यांनी निमूट कुलूप घेतलं. घरभेदी. समजावलं, थर्मोस्टॅट शून्यावर आणला की हीटर मेला. म्हणाले, साडूभाऊ, आतला कॉन्टॅक्टर, वीज जोडतो-तोडतो तो, चिकटला तर वीज वाहतेच, थर्मोस्टॅटला विचारतो कोण. तुमच्या भाषणासारखं आहे, ‘आवरा’ म्हणून चिठ्ठी पाठवली तरी चालूच.
विनोदाची पातळी पाहावी.

६ मार्च.
संकल्प: कुलपाविरुद्ध उद्या बंद. साडूही नात्याखातर वळले. कुलूप लावणार नाहीत. बंदमध्ये दुरुस्ती तेवढी होईल: मी मेन स्विच पाडून ‘बंद’ म्हटलं की त्यांनी हात घालायचा. नैतिक विजय.

७ मार्च, दुपारी.
बंद यशस्वी. किरकोळ गैरसमज.
साडू भट्टीमागे जळका हीटर बदलायला बसलेले, माझ्या शब्दाची वाट बघत. मी मेन स्विच पाडायला निघालो. वाटेत पाच-सहा जण उभे दिसले. माणसं दिसल्यावर मी गप्प कसा बसणार? गरजलो, आज बंद, पूर्ण बंद.
साडूंनी ऐकलं. हात घातला.
नमूद करतो, घोषणेत चूक नव्हती.

७ मार्च, संध्याकाळी.
डॉक्टर म्हणतात, जीव वाचला हे नशीब. उजव्या हाताच्या बोटांचं आत्ताच सांगता येत नाही. मेहुणी माझ्याशी बोलत नाही. बायको बोलते, ते जास्त वाईट. म्हणाली, अहो, तुमचा शब्द केवढ्याला पडतो ते माझ्या बहिणीला विचारा.

८ मार्च.
साडूंनी विचारायला हवं होतं, कोणता बंद. तत्त्वावर ठाम आहे. घास उतरत नाही, पित्त असावं.

१७ मार्च.
बोटं राहिली. खात्यापुढे बोललो. आवेश तोच, मुद्दा उलटा. टाळी एकही नाही. साडू हात गळ्यात बांधून पुढेच उभे होते. चेष्टेत म्हटलं, एका हाताने टाळी वाजत नाही. म्हणाले, ते राहू द्या, कुलूप आणलंत का.
नव्हतं आणलं. त्यांनी डाव्या हाताने स्वतःचं काढून दिलं.
तेव्हा बंधूंनो, आधी मेन स्विच पाडा, आपलं कुलूप लावा, मगच हात घाला. माझ्या शब्दावर घालू नका.