बांधाकडच्या चार ओळी

आण्णा, तुमच्या लेकीनं लोकांकडं पैसे मागितले. एकदा नाही, चाळीस दिवस मागितले. ओळखीच्यांकडं मागितले, ज्यांचं तोंडही कधी बघितलं नाही त्यांच्याकडं मागितले, आणि लोकांनी दिले. आता जिथं असाल तिथं कपाळावर हात मारून घ्या, मी काही थांबवायला येत नाही. तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली, म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून सांगायला पाहिजे. मी कादंबरी लिहिली. सांगली-आटपाडी गाडीवर कंडक्टरकी करत करत सहा वर्षं लिहिली. तुमच्यावर नाही लिहिली, घाबरू नका. आटपाडीकडची एक मेंढरं राखणारी बाई आठवड्याच्या बाजाराला माझ्या गाडीत बसायची, एक दिवस गेली ती परत आलीच नाही, तिची गोष्ट आहे. पुण्याच्या एका प्रकाशकानं वह्या दीड वर्ष ठेवून घेतल्या आणि मग फोनवर सांगितलं, बाई, तुम्ही कंडक्टरच्या आठवणी लिहा, त्या चालतील, कादंबरीच्या वाटेला कशाला जाता. मी म्हटलं, वह्या परत पाठवा. दुसऱ्यानं छपाईचा सगळा खर्च माझ्याच गळ्यात घातला. माझ्याकडं तेवढे नव्हते. तिसऱ्याकडं मी गेलेच नाही.

मग मोबाइलवर एक सोय असते ती शोधली. आपलं पुस्तक काय आहे, छापायला किती लागतील, हे एका पानावर लिहायचं, आणि ज्याला पुस्तक वाचावंसं वाटेल त्यानं आधी पैसे भरायचे. मुदतीत ठरलेला आकडा भरला तर पुस्तक छापायचं, नाही भरला तर ज्याचे त्याला परत. इंग्रजीत त्याला क्राउडफंडिंग म्हणतात. आमच्या डेपोत सगळे वर्गणी म्हणतात. तुम्ही काय म्हटलं असतं ते मला पाठ आहे. वर्गणी गणपतीची असते, असं म्हणून तुम्ही दुसरा शब्द वापरला असता, आणि तो शब्द मी सोळा वर्षांची असताना एकदा आईला वापरलेला ऐकला होता.

आत्ता मी आटपाडी स्टँडच्या कॅन्टीनमध्ये बसले आहे. गाडी सुटायला पाऊण तास आहे. ड्रायव्हर मागच्या सीटवर तोंडावर रुमाल टाकून आडवा झालाय. पुस्तक सांगलीच्या छापखान्यात गेलंय, फक्त शेवटचं पान राहिलंय, मदत करणाऱ्यांच्या आभाराचं. ते आज संध्याकाळपर्यंत द्यायचंय. नावांची यादी तयार आहे, वर चार वाक्यं लिहायचीत, आणि तीन दिवस झाले, 'आभार' लिहिलं की तुमचं तोंड समोर येतं. म्हणून म्हटलं, आधी तुमच्याशी काय ते मिटवून टाकू.

तुमचा एकच धडा. कुणाचं मिंधं व्हायचं नाही. पलटणीतून हवालदार होऊन घरी आलात आणि तो धडा आम्हाला रोज दिलात. पाटणच्या बाजारातून पेंडीचं पोतं खांद्यावर घेऊन चालत यायचात, मागनं शेजाऱ्याची जीप आली की मुद्दाम बांधावरनं आत वळायचात, त्यानं थांबवू नये म्हणून. आईनं वाटीभर साखर उसनी आणली की दुसऱ्या दिवशी वाटी शिगोशीग भरून मला पळवायचात. मला एस.टी.त नोकरी लागली तेव्हा गावात पेढे वाटायचे सोडून तुम्ही म्हणालात, "दिवसभर लोकांफुडं हात करायचा. ह्यासाठी शिकवलं व्हय तुला?" मी म्हटलं, "आवं आण्णा, हात करते ती तिकीट द्यायला." पण मी निघाले त्या सकाळी ओसरीवर तुमची काळी ट्रंक होती, घासून पुसून, कड्यांना तेल घातलेलं, वर तुमचं नाव आणि नंबर पांढऱ्या रंगानं नव्यानं काढलेला. "हिच्यात कापडं भिजत न्हाईत," एवढंच म्हणालात. कापडं नाही, कादंबरीच्या सहा वह्या त्या ट्रंकेत राहिल्या. खोलीत पुराचं पाणी शिरलं तेव्हा मी आधी ती डोक्यावर घेतली आणि मग गॅसची टाकी. तेवढं तुमचं मानते. धडा मानत नाही.

तो शब्द ऐकला त्या सालचं सांगते. भुईमूग काढणीला आला होता आणि तुम्ही पोतं घेऊन बांधावरनं घसरलात, पाय मोडला, मांडीपर्यंत प्लास्टर. आभाळ रोज दुपारी भरून यायचं. आणखी एक पाऊस झाला असता तर शेंगांना जमिनीतच मोड आले असते. आईनं दोन दिवस वाट बघितली आणि तिसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत पदर खोचून दारोदार सांगून आली, उद्या आमच्यात इर्जिक हाय. सगळ्या गावानं एका दिवसात एकाचं रान उरकायचं आणि ज्याचं रान त्यानं जेवायला घालायचं, ही काय तुम्हाला नवी गोष्ट नव्हती. दुसऱ्याच्या इर्जिकीला तुम्ही सगळ्यांच्या आधी जायचात. आपल्या दारात मात्र कधी होऊ दिली नव्हती.

सकाळी अंगणात माणसं गोळा होतात. तुम्ही बाजेवरनं विचारता, "ही कशाला आलीत?" आई म्हणते, "भुईमूग काढाय." मग तुम्ही तो शब्द बोलता. "भीक मागितलीस?" आई चुलीपाशी उभी आहे, हातात उलथनं आहे, माणसं सगळी ऐकतायत. ती म्हणते, "मागितलं न्हाई. बोलावलं." तुम्ही भिंतीकडं तोंड करून झोपलात. त्या माणसांत आमचे तात्याही होते, तुमचे सख्खे चुलतभाऊ, ज्यांच्याशी बांधावरनं तुमचं सात वर्षं बोलणं नव्हतं. ते सगळ्यात आधी रानात उतरले. मी बायकांच्या रांगेत होते. दुपारपर्यंत माझे हात सोलून निघाले, पण काय सांगू आण्णा, मला त्या दिवशी लय बरं वाटत होतं. गाणी चालली होती, चेष्टा चालली होती, तुमच्यावरच चालली होती. "हवालदार रुसलं जणू," असं एक म्हातारी म्हणाली आणि आईसुद्धा हसली. संध्याकाळी अंगणात पंगत बसली. तुमचं ताट आईनं बाजेपाशी नेलं आणि तुम्ही ते परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही काठी घेऊन लंगडत रानात गेलात. बांधाकडच्या, तात्यांच्या बाजूच्या चार ओळी उभ्याच होत्या. तुम्ही खाली बसलात, प्लास्टरचा पाय लांब करून, आणि खुरपं घेऊन सरकत सरकत एकेक वेल काढलात. दुपार झाली तुम्हाला. प्लास्टर चिखलानं माखलं होतं, त्यावरनं डॉक्टरनं नंतर शिव्या दिल्या. शेंगा टॉवेलात बांधून आणल्यात आणि आईपुढं ठेवून म्हणालात, "एवढी माणसं आणलीस, आन चार वळी तशाच ठिवून गेली. त्यानंच ठिवल्या मुद्दाम, बांधाचा राग हाय त्याला. शेवटी मलाच काढाय लागल्या." आई म्हणाली, "व्हय." तिनं त्याच शेंगा मीठ घालून उकडल्या आणि तुम्ही सगळ्या खाल्ल्या. आदल्या दिवसापासून पोटात अन्न नव्हतं तुमच्या. पुढं कोणीही पाहुणा आला की तुम्ही सांगायचात, पाय मोडलेला असताना भुईमूग मी काढला. आणि तुम्ही जाईपर्यंत तात्यांना शिव्या घातल्यात.

आता माझं ऐका. त्या मोबाइलवर माझं पान लागलं आणि मी ते कुणालाच पाठवलं नाही. तीन दिवस. पाठवायला बोट उचलायचं जिवावर आलं, तुमचा शब्द कानात होता. चौथ्या दिवशी ड्रायव्हरनं विचारलं, "ताई, पुस्तकाचं काय झालं?" आष्ट्याचा आहे, नऊ वर्षं आम्ही एका गाडीवर आहोत, माझ्या वह्या त्याला माहीत आहेत. मी पान दाखवलं. त्यानं वाचलं आणि म्हणाला, "हे लपवून ठिवायसाठी केलंय व्हय?" त्यानं तिथल्या तिथं पैसे भरले आणि डेपोच्या ग्रुपवर टाकलं. मग मी पण लाज सोडली. तिकिटाबरोबर सांगायला लागले, मी कादंबरी लिहिलीय, छापायचीय, वाचणार का. रोज तासगावला उतरणाऱ्या शाळेच्या बाई, शेळ्यांचा एक व्यापारी, मुलीकडं जाणारी एक म्हातारी जिला वाचताच येत नाही. ती म्हणाली, "नात वाचून दावील." एकजण म्हणाला, कंडक्टर आता पुस्तकाचं पण तिकीट काढायला लागली. मी म्हटलं, काढा की मग, एका फुल तिकिटाचे पैसे द्या. सगळी गाडी हसली आणि त्यानं दिले. परदेशातनं कुणी दिले, साताऱ्याच्या एका निवृत्त सुभेदारानं दिले. आण्णा, एकानंही मला भीक घातल्यासारखं दिलं नाही. उलट विचारायचे, कधी येणार पुस्तक, उशीर का.

शेवटच्या दिवशी थोडे कमी पडत होते. थोडेच. सकाळपासून मी बघत होते आणि कुणी भरेना. ग्रुपवर एरवी दिवसभर चालू असतं, त्या दिवशी सगळे चिडीचूप. दुपारी मला राग आला. म्हटलं, एवढी माणसं, आणि शेवटाला अर्धवट टाकून गेली. संध्याकाळी राहिलेले पैसे माझ्या पगारातनं मीच भरले. आणि खोटं कशाला बोलू, भरताना छाती फुगली. शेवटी माझं पुस्तक मीच पुरं केलं.

मागच्या आठवड्यात गावी गेले. तात्या आता लय थकलेत, कानानं कमी ऐकतात, पण माझी वर्गणी त्यांच्या कानावर गेली होती. खिशातनं नोटा काढून म्हणाले, "माझं राहिलं, घे." मी ओरडून सांगितलं, भरले सगळे, शेवटचे तर मलाच भरायला लागले, लोकांचं काम अर्धवट. तात्या हसायला लागले ते खोकला लागेपर्यंत हसले. "बापाची लेक हायस," म्हणाले. मग सांगितलं. इर्जिकीच्या दिवशी दुपारी आई रानात पाणी घेऊन आली आणि हळूच म्हणाली, भावजी, बांधाकडच्या चार वळी ठिवा. त्यास्नी काढू द्या, न्हायतर ह्या भुईमुगाची येक शेंग तोंडात घालणार न्हाईत. तात्यांनी विचारलं, माझ्याच बाजूच्या का वैनी, मला शिव्या बसतील. आई म्हणाली, "तुमच्या बाजूच्या ठिवल्या तरच त्यास्नी खरं वाटंल." मी विचारलं, मग तुम्ही आण्णांना सांगितलं का नाही. तात्या म्हणाले, "तोंड उघडायचं न्हाई म्हणाली हुती वैनी." नोटा माझ्या हातात कोंबल्या आणि वर म्हणाले, "पुस्तक दे, नाव छापू नगंस. इर्जिकीला कोण आलं हुतं त्येची कुणी यादी करतं व्हय? ज्यानं बोलावलं त्यानं ज्येवाय घालायचं, झालं."

तेव्हा आण्णा, तुम्ही चुकलात. हे तुमच्या तोंडावर सांगायला मला अठरा वर्षं उशीर झाला, पण सांगते. तात्यांच्या बाबतीत चुकलात, आईच्या बाबतीत चुकलात, आणि त्या शब्दाच्या बाबतीत तर पारच चुकलात. तुम्ही आयुष्यभर कुणाचे मिंधे नव्हता असं समजत राहिलात आणि सगळं गाव तुमचा मान सांभाळत राहिलं. आई गेली, तिनंही शेवटपर्यंत सांगितलं नाही. शेंगा उकडून घातल्या फक्त.

आभाराचं पान आत्ता लिहून झालं. लोकांनी सांगितल्याप्रमाणं नावं आहेत, तात्यांचं नाही. वर एवढंच लिहिलंय की मी बोलावलं, तुम्ही आलात, पुस्तक झालं, आता आष्ट्याला ड्रायव्हरच्या रानात जेवण आहे, सगळ्यांनी यायचं. आभार हा शब्द नाही घातला. तुम्हाला भिऊन नाही, तो तिथं बसत नव्हता म्हणून.

ड्रायव्हर उठलाय. तोंड धुऊन कॅन्टीनकडं येतोय. मला दुरूनच विचारतोय, "ताई, झालं का लिवून?" त्याला विचारायला एक वाक्य पुरं होईल, शेवटच्या दिवशी तुम्ही सगळे गप्प का होता. गावाहून आल्यापासून आठ दिवस रोज त्याच्याबरोबर सांगली-आटपाडी करते आहे. एवढ्या परक्या माणसांकडं न लाजता पैसे मागितले मी, पण हे एक अजून विचारलेलं नाही, आणि आजही विचारणार नाही.