जुळली नाहीत ती नावं

सोम. ३ मार्च ९७, बीड
संस्थेच्या नव्या दवाखान्यातल्या लेखनिकांच्या जागा. सगळे अर्ज आज कॉम्प्युटरात भरून झाले. दु. संस्थेचे सचिवसाहेब स्वतः आमच्या कॉम्प्युटर क्लासवर आले. त्यांना एकच काळजी, दुसऱ्याच्या सर्टिफिकेटावर कुणी घुसायला नको. मी म्हटलं, सोपं आहे. अर्जावरचं नाव एका रकान्यात, दहावीच्या सर्टिफिकेटावरचं दुसऱ्या रकान्यात. दोन्ही जुळली तर उमेदवार पुढं, नाहीतर बाद. फिल्टर लावला, यादी समोर. साहेब खुर्ची ओढून बघत बसले. म्हणाले, "आमच्या माणसांना आठवडा लागला असता." क्लासचे मालक आमचे सर, त्यांनी लगेच सगळ्यांना चहा सांगितला. "या आमच्या वंदना मॅडम. सगळं त्याच बघतात." घरी आल्यावर ह्यांना दोनदा सांगितलं.

बुध. १२
आज लिंबागणेशहून एक बाई आली, शोभा. बी.ए., टायपिंग झालेलं, माझ्याच वयाची. मुलाखतीचं पत्र आलं नाही म्हणून संस्थेत गेली, तिथून आमच्याकडं धाडली.
"ताई, आमच्या गावात माझ्याहून कमी मार्कवाल्याला पत्र आलंय. मला कावून न्हाई?"
मी हातातलं काम सोडलं नाही. म्हटलं, "यादी कॉम्प्युटरनं काढलीय. त्यात आमचा हात नसतो."
मग म्हणाली, "कॉम्प्युटर चुकत न्हाई म्हणत्यात. माझंच कायतरी कमी असंल." वर मलाच थँक्यू म्हणून गेली.

गुरु. १३
तिचं बोलणं डोक्यातून जाईना. दु. सर संस्थेत गेले तेव्हा फिल्टर उलटा लावला, म्हणजे नावं न जुळलेलेच तेवढे दिसतील. एखाददुसरा पुरुष, स्पेलिंग चुकलेला. बाकी सगळ्या बायका. लग्न झालेल्या. सर्टिफिकेटावर बापाचं नाव, अर्जावर नवऱ्याचं. जुळणार कसं?
शोभाचे मार्क बोलावलेल्यांतल्या कित्येकांपेक्षा जास्त.
माझं स्वतःचं दहावीचं सर्टिफिकेट माहेरच्या नावाचं. मी अर्ज केला असता तर मीच मला बाद केलं असतं. एका बाईला हे सुचू नये? साहेब कौतुक करत होते, त्यात मी...
सर संध्याकाळी आले. म्हणाले, मुलाखती आजच उरकल्या. काल ती समोर उभी होती तेव्हा नुसतं उघडून बघितलं असतं तर.

शुक्र. १४
सरांना सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं.
"आता चुकलं म्हणून सांगायला गेलो तर पुढचं काम देतील का आपल्याला? त्या बायांनी नाव बदलल्याचा कागद जोडायला पाहिजे होता."
जाहिरातीत तसं लिहिलेलं नव्हतं, म्हटलं.
"फिल्टर तुम्हीच लावलात ना, मॅडम?"
जागेवर येऊन दुसरं काम सुरू केलं. करत राहिले.

रवि. १६
मैत्रिणीकडं जाते असं ह्यांना सांगून लिंबागणेशला गेलते. शोभाला एकटीला गाठून सांगायचं ठरवलं होतं. पण घरात तिची सासू शेंगा फोडत बसलेली, नवरा बाजेवर. सासू काही हलेना. शेवटी सगळ्यांसमोरच सांगितलं.
सासू म्हणाली, "म्हंजी आमचं नाव लागलं म्हनून गेली व्हय नोकरी?"
"नाही मावशी. मी चुकले."
"तू?"
"हो."
नवरा उठून बाहेर निघून गेला. शोभा एस.टी.पर्यंत सोडायला आली. गाडी दिसली तेव्हा म्हणाली, "त्या दिवशी घरी येऊन ह्यांना म्हणलं, मी काय हुशार न्हाई. हे म्हणले, ठावं हाय." खिडकीची जागा मिळूनही मागं बघवलं नाही.

मंगळ. १८
शोभाची सासू तिला घेऊन थेट संस्थेत. सरांना आणि मला बोलावणं आलं. सचिवसाहेबांनी विचारलं, हे काय प्रकरण?
सर म्हणाले, "मशीनचं सेटिंग, साहेब. होतं कधीकधी."
माझ्याकडं कुणी बघितलं नाही, सासू सोडून. आता बोलावं, आता बोलावं... ह्यांची नोकरी पक्की नाही, धाकटीची शाळा, सगळं आठवलं. फरशीकडं बघत उभी राहिले.
सासूच म्हणाली, "ही पोरगी आमच्या घरी येऊन येगळंच सांगून गेली की."
साहेब हसले. "बघू, मावशी."
बाहेर आल्यावर शोभानं मान दुसरीकडं वळवली. मी लाजायला पाहिजे होतं, नजर चुकवत होती ती.

गुरु. २०
एकटी गेले साहेबांकडं. म्हटलं, मशीन चुकलं नाही, मी सांगितलं तेच त्यानं केलं. वगळलेल्या बायकांची नावं, मार्क समोर ठेवले. त्यांनी सावकाश वाचलं.
"नेमणुकीच्या ऑर्डरी सहीला आल्यात. यांना घ्यायचं तर निवडलेल्यांपैकी कुणाला तरी काढावं लागेल. सांगा, कुणाला काढू?"
काय सांगणार? त्या पोरांची तरी काय चूक? साहेबांनी कागद परत दिला नाही, एवढंच.
सरांना कळलंय. "काही दिवस येऊ नका" म्हणाले. किती दिवस, ते विचारलं नाही. ह्यांना अजून बोलले नाही. जेवताना बोलणार होते.

बुध. २६
शेजारच्या काकूंकडं फोन आला म्हणून पळत गेले. वाटलं सर. शोभा होती. संस्थेकडून अजून काही कळलेलं नाही. सिरसाळ्याला एका पतसंस्थेत जागा निघाल्यात, सासू म्हणते भर. फॉर्म समोर घेऊन बसलीय.
"ताई, कोनतं नाव लिहू?"
दोन्ही लिही, म्हटलं.
"नावाला एकच ओळ हाय."
काकू भाजी चिरत ऐकत होत्या. फोनवर पलीकडं शोभा थांबली होती.